स्नेअर एकटा दणदणीत, सगळे ट्रॅक लावले की गायब : घरी रेकॉर्ड केलेल्या ड्रमचं दुखणं

स्नेअरचा (खाली तारा असलेल्या, कडक वाजणाऱ्या ड्रमचा) ट्रॅक सोलो केला, म्हणजे एकटाच ऐकला, की छान वाजतो. किकही, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रमही, ठीक. ओव्हरहेडमध्ये, म्हणजे किटच्या वर टांगलेल्या माइकमध्ये, सिम्बल स्वच्छ. आणि सगळे फेडर एकत्र वर घेतले की शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी दार लावून ड्रम वाजवतंय असं वाटतं. मग आपण ईक्यू (आवाजातला खर्ज-चमक कमीजास्त करायचं प्लगिन) उघडतो, २०० हर्ट्झच्या आसपास चार डीबी चढवतो. फारसा फरक नाही. आणखी चार चढवतो. रात्री दीड वाजता ट्रॅकवर नऊ प्लगिन असतात आणि स्नेअर अजून पत्र्याच्या डब्यासारखाच.

हे दुखणं माझ्याकडे इतक्या वेळा आलंय की आता फाइल उघडायच्या आधी मी विचारतो, "ओव्हरहेड स्नेअरपासून किती लांब होते?" उत्तर बहुतेक वेळा येतं, "असेल की, तीन-चार फूट." त्या "असेल की"मध्येच सगळं आहे.

माझी जागा सांगतो, म्हणजे पुढचं कुठून बोलतोय ते कळेल. नाशिकमधल्या फ्लॅटची दहा बाय दहाची बेडरूम, माइक कॉम्प्युटरला जोडणारा आठ इनपुटचा सेकंडहँड इंटरफेस, सहा माइक, आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. ड्रम वाजवायची परवानगी सोसायटीकडून रविवारी अकरा ते एक. म्हणजे चूक करायला वेळ नाही, आणि म्हणूनच चुका कुठे होतात ते पक्कं कळलंय.

सुरुवात लक्षण ओळखण्यापासून, कारण इथेच लोक घसरतात. ट्रॅक एकेकटा चांगला आणि एकत्र वाईट, हा फेजचा घोळ, म्हणजे वेगवेगळ्या माइकमधल्या लहरी एकमेकींशी जुळत नाहीत. ट्रॅक एकटाच ऐकला तरी वाईट, तर दोष ड्रममध्ये, खोलीत किंवा वाजवण्यात. तुमच्या खोलीत चांगला आणि गाडीत किंवा मोबाइलवर वाईट, तर ड्रमचा काही दोष नाही. तुम्ही जिथे बसून ऐकता ती जागा खोटं बोलतेय. तिन्हींवर औषध वेगळं. पहिल्या दुखण्यावर तिसऱ्याचं औषध घेतलं की महिनाभर मिक्स करत बसता.

पहिलं दुखणं : माइक एकमेकांचं खातात

गेल्या वर्षी एक कॉलेजचा ड्रमर हार्ड डिस्क घेऊन आला. चार गाणी, घरच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलेली. "दादा, सगळं करून बघितलं, स्नेअरला अंगच येत नाही." त्याच्या स्नेअरवर दोन ईक्यू, दोन कॉम्प्रेसर (मोठे फटके दाबणारे), एक सॅच्युरेशन (आवाजाला किंचित फाटकेपणा देणारं) आणि एक कसलंसं 'पंच' नावाचं प्लगिन. मी सगळी प्लगिन बंद केली. मास्टर मोनो केला. मास्टरवर तात्पुरता एक लो-पास फिल्टर लावला, ४०० हर्ट्झला, म्हणजे सिम्बलची चमक बाजूला होऊन नुसतं धडच ऐकू येईल. फक्त दोन ओव्हरहेड आणि स्नेअर. ओव्हरहेडमध्ये स्नेअर जितका मोठा येतोय तितकाच स्नेअरचा फेडर ठेवला. मग स्नेअरच्या ट्रॅकवरचं, लहर उलटी करणारं पोलॅरिटीचं बटण दाबलं, ते तिरकी रेघ मारलेल्या गोलाचं.

त्याने हेडफोन काढला, माझ्याकडे बघितलं, परत घातला. "परत करा." मी बटण सोडलं, दाबलं, सोडलं, दाबलं. "काय लावलंत?"

काहीच लावलं नव्हतं. हिशोब असा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ओव्हरहेड स्नेअरच्या स्किनपासून एक मीटरवर असेल, तर काठी पडल्यावर स्नेअरला चिकटलेल्या माइकला आवाज जवळजवळ लगेच मिळतो आणि ओव्हरहेडला २.९ मिलिसेकंदांनी. हा उशीर कानाला वेगळा ऐकू येत नाही. पण १७२ हर्ट्झच्या लहरीला अर्ध चक्र पुरं करायला नेमका इतकाच वेळ लागतो. म्हणजे एका माइकमध्ये लहर वर जात असताना दुसऱ्यात ती खाली येत असते. दोन्ही ट्रॅक मिसळले की तिथलं बेरजेत शून्याच्या जवळ. आणि १५० ते २५० हर्ट्झ म्हणजे स्नेअरचं अंग. तुम्ही ईक्यूने तिथे नऊ डीबी चढवता तेव्हा त्यातलं थोडंच हाताला लागतं, बाकीचं ओव्हरहेड खातं. पोलॅरिटी उलटी केली की तीच दोन माणसं भांडण सोडून एका बाजूने दोर ओढायला लागतात.

फेडर सारख्या पातळीवर का ठेवायचे, तर खाणं-खाऊ सर्वांत जास्त तेव्हाच होते. एक ट्रॅक मोठा आणि एक बारीक असेल तर फरक पुसट ऐकू येतो आणि तुम्ही "दोन्ही सारखंच वाटतंय" म्हणून पुढे जाता.

तर क्रम असा. दोन्ही ओव्हरहेड मोनोत ऐका, त्यातल्या एकाची पोलॅरिटी उलटी करून बघा. किटचं अंग उलट केल्यावर भरत असेल तर दोघांची स्नेअरपासूनची अंतरं वेगळी आहेत, नाहीतर एखादी केबल उलटी सोल्डर झालीय. (हे गमतीने सांगत नाही. माझ्याकडे अशी एक केबल होती, घरीच सोल्डर केलेली, दोन वर्षं.) मग स्नेअर. मग किक. मग एकेक टॉम (किटमधले बिनतारांचे बाकीचे ड्रम), प्रत्येक ओव्हरहेडच्या जोडीने. प्रत्येक वेळी जो पर्याय जास्त भरदार तो ठेवायचा. बटण कुठल्या बाजूला आहे याला महत्त्व नाही, पुस्तकात काय लिहिलंय यालाही नाही.

एकच जागा अशी की जिथे जवळजवळ नेहमी उलटं करावंच लागतं : स्नेअरच्या खालचा माइक. काठी पडते तेव्हा वरची स्किन वरच्या माइकपासून लांब जाते आणि त्याच क्षणी खालची स्किन खालच्या माइककडे ढकलली जाते. एकाला ओढ, दुसऱ्याला ढकल. ढोलकी किंवा पखवाज दोन्ही बाजूंना माइक लावून घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. एका पुडीवर थाप पडली की आतली हवा दुसरी पुडी बाहेर ढकलते. लावणीच्या एका रेकॉर्डिंगला आम्ही ढोलकीचा घुमारा कुठे गेला म्हणून अर्धा तास माइक बदलत होतो. शेवटी बटण एकच होतं.

पोलॅरिटीने भागलं नाही तर ट्रॅक सरकवायचा मोह होतो. ४८ किलोहर्ट्झला एक मीटर म्हणजे साधारण १४० सॅम्पल. एखादा सुटा फटका झूम करा, स्नेअरच्या ट्रॅकवर पहिला उंचवटा कुठे आणि ओव्हरहेडवर कुठे ते बघा, आणि स्नेअरचा ट्रॅक तेवढा उजवीकडे, म्हणजे उशिरा न्या. चालतं. पण मी ते शेवटचा उपाय म्हणून करतो, आणि फक्त स्नेअरपुरतं. प्रत्येक ट्रॅक ओढून-ताणून एका रेघेत आणला की ड्रम टणक होतात पण चपटे होतात, खोलीची खोली जाते. आणि किक सरकवून जुळवली की स्नेअरच्या माइकमधली किकची गळती वेगळ्या ठिकाणी भांडण काढते.

याचाच एक सख्खा भाऊ : ड्रमरची किक थोडी मागे पडली म्हणून नुसता किकचा ट्रॅक ग्रिडवर, म्हणजे तालाच्या नेमक्या रेघांवर नेणं. ओव्हरहेडमधली किक जिथे होती तिथेच राहते. ऐकायला "ढब" ऐवजी "ढ-ब" येतं, नाहीतर किकचा खर्जच विरतो. कापायचं असेल तर सगळे ड्रम ट्रॅक एका ग्रुपमध्ये बांधूनच कापा.

पुढच्या वेळी हे होऊच नये म्हणून : सुतळी

इंग्लंडचे ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी एक मांडणी आहे. चार माइक : किक, स्नेअर, एक ओव्हरहेड स्नेअरच्या बरोबर वर साधारण एक मीटरवर, आणि दुसरा ड्रमरच्या उजवीकडे फ्लोअर टॉमच्या (पायांवर उभ्या मोठ्या टॉमच्या) बाजूने हाय-हॅटकडे (पायाने उघडझाप होणाऱ्या सिम्बलच्या जोडीकडे) बघणारा. अट एवढीच, दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून नेमके सारख्या अंतरावर हवेत. घरच्या स्टुडिओला यापेक्षा स्वस्त आणि पक्की मांडणी मला माहीत नाही. आठ माइक लावणाऱ्या उत्साही मुलांना मी आधी हीच करायला लावतो. माइक जितके कमी, तितकी भांडणं कमी.

अंतर मोजायला टेप नको. टेप लवचिक स्किनवर टेकवली की वाकते, माइकच्या टोकाला नीट पोचत नाही. किराण्याच्या पुड्याची सुतळी घ्या. ड्रमरने एक टोक स्नेअरच्या मधोमध बोटाने दाबून धरायचं, तुम्ही दुसरं टोक पहिल्या ओव्हरहेडच्या जाळीपर्यंत ताणायचं आणि तिथे चिमटीत पकडायचं. चिमूट न सोडता दुसऱ्या माइककडे जायचं. जाळी चिमटीला लागेपर्यंत स्टँड हलवायचा. दोन मिनिटं. जमलं तर हीच सुतळी किकच्या मध्यापासूनही लावून बघा. दोन्ही अंतरं दोन्ही माइकना जुळणं अवघड असतं, पण जितकं जवळ येईल तितका किकही मधोमध बसतो.

दहा बाय दहाची खोली

इथे जरा थांबावं लागेल, कारण आपल्याकडच्या फ्लॅटच्या खोल्या ड्रमसाठी जवळजवळ मुद्दाम वाईट बांधल्यासारख्या असतात. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज अडकून ज्या सर्वांत खालच्या स्वराला घुमतो, तो आवाजाच्या वेगाला अंतराच्या दुपटीने भागून निघतो : ५६ हर्ट्झ. दुसरी जोडी भिंतही दहा फुटांवर, म्हणजे तिथेही ५६. छत साडेनऊ फुटांवर, तिथे ५९. तिन्ही एकाच जागी येऊन बसले. आणि किकचं पोट ५० ते ८० मध्ये. खोली किकच्या पोटावर बसलीय.

याचा सर्वांत फसवा परिणाम रेकॉर्डिंगपेक्षा ऐकण्यावर होतो. ही घूम भिंतींजवळ सर्वांत जोरात असते आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नसतेच. तुम्ही टेबल मांडून खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली असेल, तर तुम्हाला किकचं ५६ हर्ट्झ ऐकूच येत नाही. तुम्ही ते चढवता. गाडीत लावता. आरसे थरथरतात. परत येऊन कमी करता, आता खोलीत किक मेलेली. हे तिसरं दुखणं. खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे दहा फुटांत पावणेचार-चार फुटांवर आणून बघा. हा आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे. तिथून सुरुवात करून वीतभर पुढे-मागे सरकत, जिथे बास गिटारचे सगळे स्वर साधारण सारखे ऐकू येतील तिथे बसायचं. आणि किकचा खर्ज ठरवताना हेडफोनवर एकदा पडताळायचं.

रेकॉर्डिंगमध्ये खरा त्रास छताचा. ओव्हरहेड जितके वर, तितका आवाज मोकळा, असं मोठ्या स्टुडिओंचे व्हिडिओ बघून वाटतं. त्यांचं छत पंधरा-वीस फुटांवर असतं. आपला माइक छतापासून फूटभर खाली असेल, तर खालून आलेला आवाज आधी माइकला लागतो, मग छताला आपटून दोन फूट जास्तीचा फेरा मारून परत येतो. तो सुमारे १.८ मिलिसेकंद उशिरा येतो आणि २८० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पाडतो, मग ८४० ला, मग १४०० ला, असे खड्डे वर-वर. ऐकायला ते पोकळ, नळीतून आल्यासारखं वाटतं. हा खड्डा एकाच ट्रॅकमध्ये भरलेला असतो, त्यामुळे पोलॅरिटीचं बटण इथे काही करू शकत नाही.

म्हणून बुटक्या खोलीत माइक खाली घ्या, आणि छताला काहीतरी जाड लावा. मी दोन बाय चार फुटांची, चार इंच जाडीची रॉकवूलची चौकट केली, घनमीटरला ४८ किलो घनतेची लादी, वरून मांजरपाट. वजन चार-पाच किलो. पंखा काढून त्याच हुकाला लटकवली. पंखा तसाही रेकॉर्डिंगला बंदच ठेवावा लागतो, तेव्हा काही गमावलं नाही. ड्रमर मात्र मे महिन्यात नाराज असतात. ड्रमच्या मागच्या कोपऱ्यात कापसाच्या दोन जुन्या गाद्या उभ्या. दिसायला धर्मशाळा, पण काम करतात.

अंड्याचे ट्रे लावू नका. हे दरवेळी लिहावं लागतं. पुठ्ठा पातळ असतो, वरची थोडी चमक खातो आणि खालचं सगळं तसंच सोडतो, म्हणजे खोली आणखी घुमी वाटते. इंचभर फोमचंही तेच. १०० हर्ट्झच्या लहरीचा पाव भागच ८६ सेंटिमीटर असतो. ती इंचभर स्पंजला घाबरत नाही.

ट्रॅक एकटाच वाईट असेल तर

मग ड्रमचे स्क्रू फिरवायची चावी घ्या. ड्रम लावलेलाच नसतो. तबलजी बैठकीआधी दहा मिनिटं हातोडी घेऊन बसतो, ढोल पथकातली पोरं वाजवण्याआधी ढोल ताणतात, पण ड्रमर सहा महिने त्याच स्किनवर, त्याच ताणावर वाजवतो आणि रेकॉर्डिंगला येताना चावी घरी विसरतो. मी एक कायम स्टँडला बांधून ठेवलीय.

स्किनच्या मध्यावर बोट हलकं टेकवून प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काठीच्या टोकाने टिचकी मारा. स्वर सगळीकडे सारखा लागला पाहिजे. नसेल तर समोरासमोरचे स्क्रू जोडीने फिरवा, शेजारचे नाही. पाव फेरा, परत टिचकी. स्नेअरला आठ किंवा दहा स्क्रू असतात, म्हणजे एका बाजूला पंधरा मिनिटं धरा. खालची स्किनही लावायची असते हे अनेकांना सांगावं लागतं. मध्यभागी खड्डे पडलेली स्किन कितीही लावा, ती "ठप्प" म्हणूनच बोलणार, ती बदलायचीच. हल्लीच्या स्किन पॉलिएस्टरच्या, त्यामुळे पावसाळ्यात ढोलकीच्या पुडीसारख्या त्या उतरत नाहीत, हा बहाणा ड्रमरने देऊ नये.

किकच्या आत उशी कोंबायची पद्धत आहे. मला गोधडी आवडते, जुनी, मऊ झालेली. उशी एका जागी सगळा आवाज गिळते. गोधडीची घडी तळाशी अशी पसरायची की दोन्ही स्किनना जेमतेम टेकेल. मारा, ऐका, घडी दोन बोटं मागे घ्या, परत मारा.

टॉम वाजला की स्नेअरच्या तारा झिरझिरतात, ही तक्रार मिक्समध्ये सुटत नाही. तो टॉम आणि स्नेअर एकाच स्वराला आलेत. टॉम थोडा खाली किंवा वर लावा. थोडी झिरझिर राहू द्या, ती नसली की ड्रम मशीनचे वाटतात.

हाय-हॅट सगळीकडे

स्नेअरला जरा ५ किलोहर्ट्झ चढवला की हाय-हॅट कानात घुसतो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या माइकला सर्वांत कमी ऐकू येतं ते बरोबर पाठीमागून. म्हणून एसएम ५७ सारख्या माइकची शेपटी हाय-हॅटकडे करा. तोंड स्नेअरच्या मध्याकडे, काठापासून दोन बोटं आत. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद ऐकणारा) असेल तर त्याचा बहिरा कोन पाठीमागे नसून मागे-तिरका, साधारण १२६ अंशांवर असतो, म्हणजे हाय-हॅट माइकच्या मागे थोडा बाजूला हवा. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक महागडा माइक घेऊन जास्त गळती घेतात.

पण खरं सांगायचं तर निम्म्या वेळा गळतीचं कारण हात असतो. हाय-हॅटवर काठीचा खांदा आणि स्नेअरवर टोक, असं वाजवणारे खूप. उलटं सांगा. हाय-हॅट दोन इंच वर घ्या. तरीही नाही जमलं तर स्नेअरची चमक स्नेअरच्या ट्रॅकवर वाढवूच नका, ती खालच्या माइकमधून किंवा रिव्हर्बमधून (खोलीच्या घुमण्याचा कृत्रिम इफेक्ट) आणा.

टॉमचे माइक गाणंभर उघडे ठेवले की किकच्या प्रत्येक ठोक्याला टॉम "हूं" करत राहतात आणि मिक्सच्या खाली चिखल होतो. गेट (आवाज बारीक झाला की ट्रॅक आपोआप बंद करणारं प्लगिन) लावून लोक तास घालवतात. मी हाताने कापतो. चार मिनिटांच्या गाण्यात टॉम वीस-पंचवीस ठिकाणी असतात. तेवढे तुकडे ठेवायचे, सुरुवातीला पाचेक मिलिसेकंदांचा फेड, शेवटी अर्ध्या सेकंदाचा. बाकी सगळं डिलीट. दहा मिनिटांचं काम, आणि गेट कधी फडफडेल याची धास्ती नाही.

आता प्लगिन

इथवर आलात तर फार काही लागत नाही. किकमध्ये ३०० ते ५०० हर्ट्झमधला पुठ्ठ्याच्या खोक्याचा आवाज चार-पाच डीबीने काढा. बहुतेक वेळा तेवढ्याने खर्ज आणि टकटक दोन्ही आपोआप पुढे येतात. गाण्यात गिटार खूप असतील तर ३ ते ४ किलोहर्ट्झला थोडी टकटक. ओव्हरहेडला ५०० हर्ट्झपर्यंत हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापणारा फिल्टर, लावायची सवय कुणी लावली माहीत नाही. सुतळीने मोजून लावलेल्या ओव्हरहेडमध्येच किटचं खरं अंग असतं. मी ८०-१०० च्या वर जात नाही. खोली फारच वाईट असेल तर २५०.

कॉम्प्रेसरमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा बघतो : अटॅक फार जलद. एक-दोन मिलिसेकंदांत कॉम्प्रेसर पकडायला लागला की काठीचा फटकाच दाबला जातो, मग ठोका मागे जातो आणि आपण आवाज वाढवतो. स्नेअरला दाबाचं प्रमाण ४:१, अटॅक २० ते ३० मिलिसेकंद, रिलीज (दाब सोडायचा वेळ) इतका की पुढच्या ठोक्याआधी सुई परत जाग्यावर यावी. मग कॉम्प्रेसर बंद-चालू करताना दोन्हींची पातळी कानाला सारखी करा. जे मोठं ते चांगलं वाटतं, एवढ्या एका भुरळीवर किती प्लगिन विकली जात असतील! दणका हवाच असेल तर वेगळ्या बसवर (सगळ्या ड्रमच्या एकत्रित ट्रॅकवर) १०:१ ने पार चिरडलेले ड्रम मूळ ड्रमच्या खाली हळूच मिसळा, ऐकू येतायत असं वाटलं की दोन डीबी कमी करा.

रिव्हर्ब छोटा, अर्ध्या सेकंदाच्या आसपास, खाली २०० हर्ट्झला कापलेला. बेडरूममध्ये घेतलेल्या ड्रमना आधीच एक खोली चिकटलेली असते. त्यावर देवळाचा गाभारा चढवला की दोन्ही ऐकू येतात.

सॅम्पल, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेले सुटे फटके, मिसळण्याला माझा विरोध नाही, पण बाहेरचे का? रेकॉर्डिंग संपल्यावर, माइक काढायच्या आधी, ड्रमरकडून प्रत्येक ड्रमचे दहा-दहा सुटे फटके घ्या, प्रत्येक पूर्ण विरेपर्यंत थांबून. पाच मिनिटं. पुढे एखाद्या फटक्यावर सिम्बल सांडलं असेल तर तिथे त्याच ड्रमचा, त्याच खोलीतला, स्वच्छ फटका मिळतो. तो बसवल्यावर पोलॅरिटीचं बटण पुन्हा एकदा दाबून बघायचं, हे आता सांगायला नको.

रेकॉर्ड करताना पातळी २४ बिटला सर्वांत जोराच्या फटक्याला उणे १० डीबीच्या आसपास ठेवा. आणि ड्रमरला ट्रायलला मारतो त्याहून गाण्यात जास्त जोराने मारायची सवय असते, हे धरून ठेवा.

त्या कॉलेजच्या मुलाच्या चार गाण्यांत शेवटी स्नेअरवर एक ईक्यू आणि एक कॉम्प्रेसर राहिला. एका गाण्यात मात्र ओव्हरहेड छताला चिकटलेले होते. ते दुरुस्त झालं नाही. २८० चा खड्डा भरायला गेलो की बाकीचं फुगायचं. शेवटी ओव्हरहेड २५० ला कापून बारीक केले, स्नेअर आणि किक जवळच्या माइकवर उभे केले, वर छोटा रिव्हर्ब दिला. बरं झालं, पण बाकी तिघांसारखं नाही, आणि त्यालाही ते ऐकू आलं. पुढच्या रविवारी तो तेवढं गाणं परत वाजवायला आला, येताना स्वतःची सुतळी घेऊन. आता माझ्या खोलीत स्टँडच्या पायांच्या जागांवर फरशीवर मार्करच्या फुल्या आहेत. आधी चिकटपट्ट्या होत्या, पण आई केर काढताना त्या उपटून टाकायची.